बांधावर दोन साप उभे राहून एकमेकांना गुंडाळत होते, हे लगीन का भांडण? तुम्ही कुणी रानात असं काही पाहिलंय का?

शिवारातला:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. सासवडच्या बाजूला आमची थोडी शेती आहे, सीताफळाची बाग आणि थोडं माळवं. परवा सकाळी साडेनऊच्या सुमाराला बागेत खुरपणी चालू होती, रोहिणीचा एक पाऊस पडून गेलेला, ऊन एकदम लख्ख. तेवढ्यात बायांनी आरडाओरडा केला म्हणून पळत गेलो तर दगडी तालीच्या कडेला दोन साप, चांगले मनगटाएवढे जाड, एकमेकांना दोरीसारखा पीळ देऊन जमिनीपासून दोन अडीच फूट वर उभे! वर गेले की डोलल्यासारखं करायचे, मग एक जण दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचा, दोघं धपकन पडायचे, परत पीळ घालून वर. आम्ही वीस पंचवीस पावलांवर उभे होतो पण त्यांना आमचं भानच नव्हतं. पोराने मोबाईलवर शूटिंग केलंय, त्यात बत्तीस मिनिटं भरतायत आणि त्याच्या आधीपासून चालू असणार.

आता घोळ असा झालाय की आमचे चुलते म्हणतात हा नाग आणि ही धामण, त्यांचं लगीन लागलंय, बघणं शुभ असतं. चुलती घरातून नवा ब्लाउजपीस घेऊन आली वरून टाकायला, म्हणजे तो देवघरात ठेवला की घरात बरकत येते. शेजारचा एक जण फावडं घेऊन आला की एका घावात दोन्ही जातील. मी दोघांनाही आडवा झालो, कुणाला पुढं जाऊ दिलं नाही, त्यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे. पोरगा सातवीला आहे, तो म्हणतो पप्पा ही कुस्ती आहे, दोन्ही नरच आहेत. मला त्यातलं काही कळत नाही.

पण खरी अडचण दुसरीच आहे, खुरपणाऱ्या बाया दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. म्हणतात नागाची जोडी आहे, एकाला काही झालं तर दुसरा डूख धरतो. त्यांची लेकरं पण सोबत असतात त्यामुळं त्यांचंही चुकीचं म्हणवत नाही. जाणकारांनी सांगा नक्की काय होतं ते, आणि तुम्ही कुणी रानात असलं बुचकळ्यात टाकणारं काही पाहिलं असेल तर तेही लिहा.

रानवाट:
दादा, तुमच्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या, त्याने बरोबर ओळखलंय. मी पंधरा एक वर्षं आमच्या भागात साप पकडून सोडायचं काम करतोय आणि दर वर्षी वळवाच्या आसपास मला असे फोन येतातच.

ते दोन्ही साप धामण जातीचे होते आणि दोन्ही नर. या दिवसांत मादीवरून नरांची झुंज लागते. चावाचावी करत नाहीत, सगळा जोर कशात तर दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायचं. म्हणून ते पीळ घालून उंच उठतात, जो वर राहील त्याला खाली दाबायला जोर मिळतो. अर्धा पाऊण तास सहज चालतं, कधी त्याच्या पुढेही जातं. शेवटी एक जण थकतो आणि मुकाट्याने निघून जातो, रक्त सांडत नाही. मादी बऱ्याचदा तिथेच आसपास कुठेतरी असते, आपल्याला दिसत नाही इतकंच. खरं मीलन बघाल तर ते अगदीच वेगळं असतं, दोघं जमिनीलाच पसरलेले, नर मादीच्या अंगावर लांब झालेला आणि शेपट्या गुंतलेल्या. उभे राहून डोलणं त्यात नसतं.

नाग आणि धामण ही जोडी तर शक्यच नाही. नागाची मादी नागीणच, तिलाही फणा असतो. धामणीचा नरही धामणच. धामण हे स्त्रीलिंगी नाव पडलं म्हणून लोकांनी तिला नागाची बायको करून टाकली असावी असं मला आपलं वाटतं. व्हिडिओ थांबवून डोकं मोठं करून बघा, डोळे मोठे टपोरे दिसतील, ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतील आणि शेपटीकडच्या भागावर काळी जाळी. एवढं दिसलं की धामण पक्की. आणि इतकी झटापट चाललेली असताना फणा एकदाही निघाला नाही ना? नाग असता तर चिडल्यावर निघाला असता.

बायांना एवढं नक्की सांगा की धामणीला विष नाही. कोंडीत सापडली तर गुरगुरल्यासारखा आवाज काढते, शेपूट आपटते, पकडलं तर चावतेही, पण त्या चाव्याने माणूस मरत नाही. डूख वगैरे काही नसतं, साप माणसाचा चेहरा लक्षात ठेवून मागे येत नाही. आणि ती तिथे आहे म्हणजे तुमच्या तालीत उंदीर माजलेत, ती त्यांच्याच मागे असते. उंदराच्या बिळात आख्खी शिरू शकते, हे काम मांजराकडून होत नाही. फावडंवाल्यांना सांगा की साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्याच्याआधी हे सांगा की त्यात नुकसान तुमचंच आहे.

भाग्यश्री_क:
मारू नये हे पटलं. पण कापड टाकण्यात काय वाईट आहे? माझ्या आजीकडे असं कापड होतं, तिने जन्मभर जपलं. श्रद्धा आहे लोकांची, कुणाला त्रास तर होत नाही ना.

रानवाट:
ताई, आजीच्या कापडाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, माझ्या आईच्या पेटीतही होतं. पण कापड टाकायला माणसाला दोन हातांवर जावं लागतं आणि अशी झुंज फक्त धामणीच करत नाहीत. घोणशीचे नरही असेच एकमेकांना गुंडाळतात, नागाचे नरही झुंजतात. लांबून, घाबरलेल्या माणसाला कोणते साप आहेत ते नेमकं कळत नाही. समोर घोणस असेल आणि बाई कापड घेऊन वाकली असेल तर काय होईल, मला नुसतं लिहिताना कसंतरी होतंय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः या चौघांमुळे. चावला आणि ओळख पटली नाही तर विषारी धरूनच सरळ दवाखाना गाठायचा, बांधाबांध, काप, मंत्र यात मिनिटसुद्धा घालवायचं नाही.

माळावरची_बाई:
सापांचं मला माहीत नाही पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, मी हे कुणाला सांगितलं की लोक नुसतं बरं म्हणतात आणि पुढे जातात.

मी बार्शीकडे झेडपीच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात मुरुमावर टिटवीने चार अंडी घातली. घरटं म्हणजे काय, नुसता खळगा आणि कडेनं बारीक खडे, अंडी पण त्याच मुरुमाच्या रंगाची, टोकं सगळी आत केलेली. पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. मुलांनी दगड लावून रिंगण केलं आणि सकाळच्या शाळेत कुणी तिकडे खेळायचं नाही असं ठरवलं, मी न सांगता.

उन्हाने कहर केला होता, मुरुमावर अनवाणी पाय ठेववत नव्हता. आमच्या पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकायचा, खाली थोडं डबकं व्हायचं. एक दिवस पेपर तपासत बसले होते तर टिटवी तिथे आली, प्यायली नाही, सरळ डबक्यात बसली आणि पोट इकडून तिकडे घुसळायला लागली. मला वाटलं अंघोळ करतेय. मग ती उडून थेट अंड्यांवर गेली आणि ओलं पोट त्यांच्यावर टेकवून बसली, थोड्या वेळाने अर्धवट उठून पंख सैल सोडून सावली धरून उभी राहिली. वीस पंचवीस मिनिटांनी दुसरी आली, हिची जागा घेतली, ही परत डबक्यावर. दुपारभर दोघांची अशी पाळी चालली होती! आपण अंडी उबवतात म्हणतो, इथे तर ती गार करत होते. मी नंतर पक्ष्यांच्या अभ्यासकांना विचारलं तेव्हा कळलं की टिटव्या हे करतात, पोटाची पिसं भिजवून पाणी अंड्यांपर्यंत नेतात, याची नोंद झालेली आहे.

तो नळ मी दुरुस्त करू दिला नाही, पिल्लं निघेपर्यंत. पाणी वाया जातंय म्हणून बोलणी खाल्ली पण खाली एक पसरट थाळी ठेवली आणि जास्तीचं पाणी झाडाला जाईल असं केलं. साधारण चार आठवड्यांनी तीन पिल्लं निघाली, एक अंडं तसंच राहिलं. पिल्लं त्याच दिवशी पळायला लागली, आणि आईबापांनी टिर्र केलं की जिथे असतील तिथे मुरुमाला चिकटून अशी गप्प व्हायची की समोर असून दिसायची नाहीत. आमच्या गावात रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार म्हणून लोक दगड मारतात. त्या वर्षीच्या चौथीच्या मुलांपैकी एकानेही अजूनपर्यंत टिटवीला दगड मारलेला नाही, हे मी खात्रीने सांगते.

उजनीकाठ:
ताई खूप छान लिहिलंत. आमच्याकडे पाणी उतरल्यावर वाळूत चिखल्या अंडी घालतो, छोटा गळ्यात पट्टा असलेला. जवळ गेलं की पंख मोडल्यासारखा लोंबवत फरफटत पळतो, कुत्रं मागे लागतं, लांब नेलं की भुर्रकन उडतो. लहानपणी मी दोन वेळा फसलोय, खरंच जखमी आहे म्हणून घरी न्यायला मागे धावायचो. आता तो लंगडायला लागला की मी आहे तिथेच थांबतो आणि पायाखाली बघत आल्या पावली मागे जातो, कारण अंडी तिथेच कुठेतरी असतात.

चंद्रपुरी_गाईड:
भाऊ, मी ताडोबात गाईड हाय. लोकायले वाघच पाहिजे असते, त्याचं काही वाईट नाही वाटत, दुरून येतात बिचारे. पण मले आजवर सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते एका सांबरीचं. उन्हाळ्यात दुपारच्या सफारीले तलावाच्या काठानं जात होतो तं रानकुत्र्यायची शीळ ऐकू आली. हो, ते भुकत नाही, शीळ घालतात एकमेकायले, पहिल्यांदा ऐकलं तं पाखरूच वाटते. सात कुत्रे होते. सांबरी पळत आली नि सरळ पाण्यात घुसली, छातीभर पाण्यात जाऊन तोंड त्यायच्याकडे करून उभी. तिचे पाय लांब, तिले उभं राहाता येते, कुत्र्याले मात्र तिथं पोहावं लागते नि पोहता पोहता झेपावता येत नाही. दोन कुत्रे घुसले पाण्यात तं तिनं पुढच्या पायानं असं पाणी हाणलं का ते माघारी फिरले. मग काय, ते काठावर बसले, ही पाण्यात उभी. त्या तलावात मगरी हायेत हे तिलेही ठाऊक असंनच, तरी हलली नाही.

जिप्सीतले पाहुणे एक तास गप्प बसले होते, वाघाचं नावही कोणी काढलं नाही. गेटची वेळ झाली म्हणून निघा लागलं. रात्रभर मले झोप नाही लागली चांगली. सकाळच्या फेरीले पहिले तिथंच गेलो, काठावर ना हाड ना रक्त, चिखलात तिच्या खुरायचे ठसे पाण्याबाहेर निघून बांबूकडे गेलेले. कुत्र्यायचे ठसे दुसऱ्या बाजूनं.

आणि रानकुत्रे वाईट असंही समजू नका कोणी. शिकार झाली का ते पिल्लायले पहिले खाऊ देतात, मोठे बाजूले उभे राहातात. हे मी स्वतः पाह्यलंय, पाच पिल्लं पोट फुगेपर्यंत खात होती नि मोठे पहारा देत होते.

शिवारातला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रानवाट दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे व्हिडिओ थांबवून बघितला, ओठांवरच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या, शेपटीकडची जाळी पण. चुलत्यांना दाखवलं, ते बराच वेळ मोबाईल धरून बसले आणि म्हणाले मग आम्ही लहानपणापासून कुस्तीच बघत आलो म्हणायचं. चुलती अजून थोडी नाराज आहे पण घोणशीचं वाचून दाखवल्यावर ती गप्प झाली.

बायांना मी सांगून उपयोग नव्हता, पोरगाच त्यांच्या वस्तीवर गेला आणि मोबाईल हातात देऊन सगळं समजावलं. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, आमच्या माहेरी धामण दिसली की उंदराचं भ्या नाही असं म्हातारी म्हणायची, आम्हीच विसरलो. कालपासून चौघी आल्या, लेकरांना सध्या तालीपासून लांब, आंब्याखाली बसवतात, आणि मी त्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेऊन दिलेत कारण तालीत धामण आहे तशी घोणसही असू शकते.

आणि आज सकाळी त्याच तालीच्या दगडांत कात सापडली. अख्खी, शेपटीच्या टोकापर्यंत. काठीने अंतर घेतलं तर सव्वासहा फूट भरली. डोक्याकडे डोळ्यांच्या जागी काचेसारखे दोन गोल, चांगले मोठे. दोघांपैकी कुणाची की त्या न दिसलेल्या मादीची ते काही कळायला मार्ग नाही. आणली नाही घरी, तिथेच ठेवली, पोरगा शाळेतून आला की त्याला लांबून दाखवणार आहे.