मदत हवी: एफसी-१५० पिकअप गरम झाली की बंद पडते. कॉइल (प्लगला करंट देणारी) बदलू की पेट्रोलची लाइन पाहू?

पाना_१४_१५ (पांढरकवडा)
महिंद्रा एफसी-१५०, लाकडी डाला, हरिकेन पेट्रोल इंजिन, ४ सिलिंडर, २१९९ सीसी, १२ व्होल्ट. घरीच खोलून बांधली आहे. झालेलं काम: कार्बोरेटरला नवी किट, प्लग गॅप ०.०३० इंच, नवे पॉइंट ०.०२० इंचावर, नवा कंडेन्सर, टायमिंग ५ अंश आधी, रेडिएटर साफ.

सकाळी अर्ध्या चोकवर एका सेल्फमध्ये उठते. दुपारी ४४-४५ च्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटं चालली की आधी झटके, मग बंद. डाल्यात आठ-दहा पोती असली तर हमखास. रेल्वे फाटकावर उभी राहिली तरी तेच. अर्धा तास सावलीत ठेवली की सुरू. पाण्याचा काटा मात्र वर जात नाही. मिस्त्री म्हणतो कॉइल बदल, पण काहून ते सांगत नाही.

वर्धेकाठचा
भाऊ, आधी काही विकत घेऊ नका. कॉइल तापली तरी गाडी अशीच बंद पडते आणि थंड झाल्यावर उठते, म्हणून लक्षणावरून ठरणार नाही. बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत पाहा, नंतर सगळं थंड होऊन पुरावा जातो.

आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलं आहे. दुसऱ्या गाडीचं बंद झाकण बसवलं की हे होतं. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलेटर हाताने दाबा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, दोष करंटचा. नाही उडाली तर पेट्रोल पोचत नाही. ठिणगी शेवटी तपासा: कॉइलची मधली वायर ब्लॉकपासून ६-७ मिलिमीटरवर धरून सेल्फ मारा. निळी, कडक ठिणगी हवी. वायर इन्सुलेटेड पकडीने धरा, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं असेल तर ही तपासणी करूच नका.

एफहेड
एक विसरू नका जी. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. टॅपेटची फट इंजिन थंड असताना इनटेक ०.०१८, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. एक्झॉस्ट टाइट असला तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं. पण मग गाडी आधी ताकद सोडते, अशी झटक्यात मरत नाही.

पाना_१४_१५
आज दुपारी पाहिलं. झाकणाचा आवाज नाही. ठिणगी निळी. पिचकारी नाही! पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवलं तर तीन मिनिटांत उठली. शिवाय पेट्रोल गाळायच्या काचेच्या वाटीत तांबडी पूड आहे.

वर्धेकाठचा
मग कॉइल राहू द्या. फडक्याने उठली म्हणजे वाफ अडकते. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात, आणि तुमचा पंप टाकीतून ओढतो. ओढणीच्या नळीत दाब कमी होतो, तिथे उकळणं आणखी सोपं. त्यात एफसीचं इंजिन केबिनमध्येच, डब्याखाली. गरम हवा बाहेर जायला वाट नाही. टाकीतल्या गंजाची पूड जाळीत बसली की पंपाला जास्त जोर लावावा लागतो आणि वाफ आणखी लवकर होते. म्हणून भार असला की त्रास.

ओढणीच्या बाजूचे रबरी तुकडे सगळे बदला. इथे भेग पडली तर पेट्रोल टपकत नाही, उलट हवा आत शिरते, म्हणून कोरडा दिसणारा पाइपही खराब असू शकतो. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगून मऊ पडतं. फ्लुरोकार्बन अस्तराचा पाइप मागा. पंपाचा डायफ्रॅमही त्याच जातीचा हवा. लोखंडी नळी एक्झॉस्टपासून किमान तीन इंच दूर घ्या, मधे पत्रा लावा, पण पत्रा नळीला चिकटवू नका. मधल्या हवेनेच उष्णता अडते. उष्णता अडवायला कार्बोरेटरखाली ६ मिलिमीटरचा बेकेलाइट गॅस्केट बसतो, स्टड मात्र तेवढे लांब लागतील.

आणि हो, ओलं फडकं फक्त पंपावर. तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी पडलं तर त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

डाला_दुरुस्ती
टाकीचं मी सांगतो. पूड पाण्याने धुऊन जात नाही. टाकी उतरवा, पेट्रोल काढा, साबणाच्या पाण्याने तीन-चारदा धुवा. मग काठोकाठ पाणी भरा, दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळीला. सळी टाकीला कुठेही लागू नये, तोंडात रबराची गुंडाळी करून अडकवा. स्टेनलेस सळी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. एक दिवस चालू द्या, सळी मधे-मधे घासा. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्या अंगणात, विडी-सिगारेट दूर. चार्जर काढताना आधी त्याची लाइट बंद करा, मग चिमटे सोडवा, ठिणगी पडायला नको. नंतर लगेच वाळवून आत थोडं टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा गंज धरतो. आतून इपॉक्सी लावायचं असेल तर इथेनॉलला टिकणारं आहे का ते विचारा. साधं लेपण पापुद्र्यासारखं निघून परत जाळीत अडकतं.

पाना_१४_१५
पाइप आणि टाकीचं करतो. पण वीजेचा पंप लावला तर हे सगळं टळणार नाही का?

एफहेड
टळणार नाही, कमी होईल. लावायचाच तर टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली. तो ढकलतो चांगला, ओढतो वाईट. अडीच ते चार पीएसआय दाबाचा घ्या. इंजेक्शन गाडीचा जास्त दाबाचा लावला तर नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) उचलून कार्बोरेटर ओसंडेल. पंपाला वीज देणारा रिले ऑइल प्रेशर स्विचवरून द्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. जुना पंप मधे ठेवणार असाल तर डिपस्टिक आताच हुंगून पाहा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर डायफ्रॅम फाटला आहे, आणि वीजेच्या पंपाने तेच पेट्रोल जोराने चेंबरमध्ये जाईल. त्या पंपाला बायपास करा, भोकावर प्लेट टाका आणि ऑइल बदलूनच गाडी चालवा.