मदत हवी आहे: गरोदरपणातील मेथाडोन आणि बाळाच्या मेंदूची वाढ

आम्ही दत्तक घेत असलेल्या बाळाची जन्मदाती हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी गरोदरपणात मेथाडोनवर (हेरॉइनऐवजी उपचार म्हणून दिलं जाणारं अफूवर्गीय औषध) होती. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी थरथर, किंचाळल्यासारखं रडणं, दूध नीट न ओढणं सुरू झालं. काही काळ मॉर्फिन द्यावं लागलं, आता तेही बंद झालंय. म्हणजे औषध सुटण्याचा तीव्र त्रास संपला. माझा प्रश्न पुढचा आहे.

अशा बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूचं आकारमान सरासरीपेक्षा कमी दिसल्याचे अभ्यास वाचले. पण त्यातल्या बऱ्याच आयांना सिगारेटचीही सवय असते, कुणाचं पोषण अपुरं, कुणाची बाळं कमी वजनाची. मग अफूवर्गीय औषधाचा स्वतःचा वाटा किती, हे वेगळं काढता येतं का? (कृपया ‘सगळं ठीक होईल’ एवढंच नको.)

लक्षणं नसताना एमआरआय करून हाती काही लागतं का, की ठरावीक वयाला विकासाच्या चाचण्या करणंच जास्त उपयोगाचं? तिरळेपणा आणि डोळे थरथरण्याचं प्रमाण या मुलांत जास्त असतं म्हणे. नेत्रतपासणी कधी करावी? नवजात शिशुतज्ज्ञ किंवा अशी मुलं वाढवलेले पालक असतील तर नक्की लिहा. भाषा आणि लक्ष एकाग्र होणं यांत फरक कोणत्या वयात जाणवला?