लंडनची सहल अन् दहा नंबरचं घर

*सोसायटी ग्रुप : फक्त कामाचे मेसेज*

गौरीची आई (बी-२०४), ७:३८
लंडनचं कोणाला काही कळायलंय का? गौरी दुपारपासून फोन उचलंना. सकाळी ग्रीनिचचा फोटो टाकला, एक पाय रेषेच्या अलीकडं, एक पलीकडं. नंतर एकदम गप. जीव थाऱ्यावर नाही.

शेख चाचा (ए-१०१)
बेटा, तिकडं आता तीन वाजलेत. ब्रिटिश म्युझियममध्ये असतील पोरं, फोन पिशवीत.

गौरीची आई
साडेपाच तास ना चाचा? मग दोन वाजले.

ओंकार (सी-३०३)
काकू, उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात. सध्या साडेचारच तास. गौरी ज्या रेषेवर उभी होती तिथूनच जगाची वेळ मोजायचं १८८४ ला ठरलं.

सेक्रेटरी
उद्या नळाला पाणी आहे. मोटर ६ ला सुरू होईल. मागच्या वेळी पाईप लावून गाडी धुणाऱ्यांनी कृपया लक्षात ठेवावं.

पाटील वहिनी (बी-१०२)
नाव घ्या ना सरळ. कोणाला म्हणायलेत ते सगळ्यांना कळतंय.

भालेराव सर (सी-१०४)
गौरीच्या आई, आजच्या कार्यक्रमात १० किंग हेन्रीज रोड होतं. पोरं जाऊन आली का?

गौरीची आई
नाही ना सर. बोटीला उशीर झाला म्हणून ते काढलं म्हणे. संध्याकाळी ऑक्सफर्ड स्ट्रीटला खरेदी आहे, ती तशीच ठेवली.

भालेराव सर
खरेदीला वेळ आहे अन् बाबासाहेबांच्या घराला नाही? ही अर्थशास्त्राची पोरं आहेत. अभ्यास सहल म्हणून पैसे घेतलेत. रुपयावर प्रबंध लिहून १९२३ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवणारा माणूस १९२१-२२ ला त्या घरात राहत होता. १० किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून पायी जाता येतं.

पाटील वहिनी
सर, रागावू नका, पण बंद दारापुढं उभं राहून काय दिसणार? पोरींना दोन वस्तू घेऊ द्या की. आमचा बंटी पुण्यात तापानं पडला होता तेव्हा ग्रुपवर कोणी विचारलं नव्हतं.

गौरीची आई
वहिनी, मी डबा दिला होता तुम्हाला. दोन दिवस.

पाटील वहिनी
तसं नाही म्हणाले मी.

शेख चाचा
वहिनी, तीस वर्षं लोकांना अजिंठा दाखवला मी. बसमधून गोंधळ करत उतरलेली पोरं लेण्यात शिरली की आपोआप हळू बोलायला लागतात. जागेवर जाण्याचं वेगळंच असतं. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकारानं कितीतरी वर्षं अजिंठ्यात बसून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग ग्रिफिथ्स आला, मुंबईच्या आर्ट स्कूलची पोरं घेऊन. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या तिकडंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडं आहेत. नकला दोनदा जळाल्या, मूळ चित्रं आपल्याकडं भिंतीवर आहेत. म्हणून म्हणतो, जागा बघावी.

सेक्रेटरी
चाचा, माहिती छान. पण ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी आहे. मेंटेनन्स ९ जणांचा बाकी आहे.

ओंकार
त्या घराचं भांडण पण सोसायटीसारखंच झालं होतं. २०१५ ला आपल्या राज्य सरकारनं घर घेतलं, स्मारक केलं. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, गर्दी होते म्हणून. तिथल्या पालिकेनं, म्हणजे कॅम्डेन कौन्सिलनं, परवानगी नाकारली. शेवटी २०२० ला मिळाली.

पाटील वहिनी
म्हणजे तिकडं पण सेक्रेटरी आहेत 😄

भालेराव सर
१० किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशन. गौरीच्या आई, मेसेज तेवढा पुढं पाठवा. माझे वडील मिलिंद कॉलेजात शिकले. ते कॉलेज बाबासाहेबांनी १९५० ला इथं काढलं नसतं तर ते गावात सालानं राहिले असते अन् मी शाळेत मास्तर झालो नसतो. मी काही आता लंडनला जात नाही. पोरगी तिथवर गेलीय, तेवढ्यासाठी जीव तुटायलाय.

गौरीची आई
पाठवला सर. जसाच्या तसा.

पाटील वहिनी, ९:०४
सर, मघाशी जास्त बोलले. राग नसावा.

भालेराव सर
राग नाही ताई.

सेक्रेटरी, ९:४०
मोटर ६ ला. पाईप लावू नये.

गौरीची आई, ११:१६
आला फोन!! मॅडमना सर्वांनी मिळून विचारलं. त्या म्हणाल्या, ज्यांना खरेदी नको त्यांनी माझ्यासोबत चला. सात जण गेले. दार बंदच झालं होतं. फोटो टाकते.

ओंकार
साडेसहा वाजून गेलेत तिकडं अन् ऊन बघा केवढं.

शेख चाचा
माशाअल्लाह. सगळी नीट ओळीत उभी आहेत.

गौरीची आई
स्वेटर हॉटेलवरच ठेवलाय हिनं. बघा, कोपरापर्यंत बाह्या.

भालेराव सर, ११:३१
विटांची भिंत दिसली. निळी गोल पाटी दिसली. आकडा पण वाचता येतोय, १९२१-२२. गौरीला सांगा, ती डाव्या बाजूला उभी आहे तिथं दार अर्धं झाकलं गेलंय. अजून तिथंच असतील तर थोडं सरकून एक घ्यायला सांगा. पूर्ण दार यावं.