नुसते डेसिबल मोजून भागणार नाही

पुण्यातल्या जुन्या पेठांच्या आराखड्यासाठी चौकाचौकांत आवाजाचे डेसिबल मोजले की पुरे, असं तुम्ही म्हणालात. मला ते पटत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत, तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, मठारकाम (हातोडीने भांडं ठोकून घडवणं) चालू असताना उभे राहा. एका लयीत पडणारे हातोडीचे ठोके, भांडं फिरवताना क्षणभर पडणारा खंड, शेजारी जाड पत्र्यावरचा वेगळाच नाद. मीटरच्या लेखी हा आवाज आणि रस्त्यावरचे हॉर्न एकच; निवासी भागाची दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादा दोन्ही सहज ओलांडतात. मग बंद काय करायचं, ठोके?

जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये जपण्याजोग्या १०० ध्वनिपरिसरांची, म्हणजे त्या त्या जागेची ओळख असलेल्या आवाजांची, यादीच केली होती. आपल्याकडे निदान रहिवासी आणि कारागिरांना सोबत घेऊन सकाळ-संध्याकाळ गल्ल्या फिराव्यात. कुठला आवाज हवासा, कुठला नकोसा, हे नकाशावर टिपावं. वाडा पाडून तळमजल्यावर पार्किंग आलं की कारखान्याची जागा जाते, आणि काम करणाराही जातो. पुनर्विकासाच्या परवानगीआधीच हा नकाशा समोर असायला हवा. वाहनबंदी कुठल्या गल्लीत लावायची, हेही त्यावरूनच ठरवता येईल.