पिंपरी-चिंचवडचे उत्पन्न वाढले की रहिवासी बदलले?

निगडीकर (धागाकर्ता): १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंतची माणसे 'कंपनीत चिकटायला' इथे येऊ लागली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली. आज वाकड, पिंपळे सौदागरचे टॉवर पाहून शहर सधन झाले असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते सरासरी वाढली ती जुन्या रहिवाशांच्या कमाईमुळे कमी आणि आधीच मोठा पगार असलेले लोक राहायला आल्यामुळे जास्त. सत्तरच्या दशकात कायम झालेल्या कामगाराने पीएफ आणि पतपेढीचे कर्ज काढून प्राधिकरणात (शासनाने वसवलेल्या नवनगरात) घर बांधले. त्याचा आयटीआय झालेला मुलगा त्याच पट्ट्यात ठेकेदाराकडे राबतो, दर काही महिन्यांनी 'ब्रेक' (कायम करावे लागू नये म्हणून नोकरीत पाडलेला खंड) घेतो, आणि वडिलांचे घर नसते तर त्याच्या पगारात त्याला इथे भाड्याने राहणेही जड गेले असते.

वाकडकर: असहमत. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारे सगळेच बाहेरून आलेले नाहीत. आमच्या सोसायटीत वडील मशीन शॉपमध्ये आणि मुलगी सॉफ्टवेअरमध्ये अशी कितीतरी घरे आहेत. कंपनीच्या पगारावरच ही मुले इंजिनिअर झाली. शिवाय लोकसंख्येच्या आकड्यात १९९७ च्या हद्दवाढीत आलेली गावेही आहेत, म्हणजे सगळी वाढ स्थलांतराची नव्हे. ज्यांच्या शेतावर आमचे टॉवर उभे राहिले, त्या गाववाल्यांना तुम्ही कोणत्या रकान्यात टाकणार?

भोसरीकर: गाववाल्यांचेही एकच चित्र नाही. ज्याची जमीन बिल्डरकडे उशिरा गेली त्याचे भाग्य उजळले. ज्याची आधी वसाहतीसाठी किंवा प्राधिकरणासाठी संपादित झाली, तो मोबदल्यासाठी आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी (संपादित जमिनीच्या बदल्यात परत मिळायच्या विकसित जमिनीसाठी) कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिला. एकाच आडनावाच्या दोन भावकींत हा फरक दिसतो. आणखी एक गोष्ट विसरली जाते. आपल्या महापालिकेला श्रीमंत म्हणत, ते कारखान्यांच्या मालावरील जकातीमुळे. ती २०१३ मध्ये गेली. पालिकेची तिजोरी भरलेली होती म्हणून रहिवासी सुखवस्तू होते असे मानणे भाबडेपणाचे आहे. (रस्ते रुंद झाले, हे मात्र मान्य.)

वाकडकर: मग सुबत्ता मोजायची तरी कशी? आपल्याकडची जनगणना उत्पन्न विचारतच नाही. टीव्ही, दुचाकी, मोटार आहे का एवढेच विचारते. २०११ नंतर तर तीही कित्येक वर्षे झाली नाही. अशा स्थितीत 'कमी' आणि 'जास्त' हे निगडीकरांनी कशावरून ठरवले?

निगडीकर: तुमचा आक्षेप रास्त आहे, आकडा माझ्यापाशी नाही. पण नव्याने जनगणना झाली तरी ती आज इथे राहणाऱ्यांनाच मोजणार. आकुर्डीतला बजाजचा कारखाना २००७ मध्ये थांबला. त्यानंतर भाडे परवडेना म्हणून जे कुटुंब देहूरोड-तळेगावकडे सरकले, ते शहराच्या हिशेबातून वजा झाले आणि त्याच्या जागी आलेल्या दोन पगारांच्या कुटुंबाने सरासरी वर नेली. तुमच्या सोसायटीतल्या मुलींबद्दल वाद नाही; त्या शहरात टिकल्या म्हणूनच तुम्हाला दिसतात. तुलना करायचीच तर एखाद्या जुन्या कंपनीच्या पतपेढीतील १९८५ ची सभासद यादी घ्यावी आणि त्या घरांतली पुढची पिढी आज कुठे राहते, काय कमावते, याचा माग काढावा.