लिओनार्दो दा विंचीने हेलिकॉप्टरचा ‘शोध लावला’ असे तक्त्यावर लिहावे का?

नौपाड्यातील पालक, ठाणे

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लिओनार्दो दा विंचीवर तक्ता तयार करत आहे. तिने त्याला ‘हेलिकॉप्टर आणि पॅराशूटचा शोध लावणारा चित्रकार’ असे शीर्षक दिले आहे. १४५२ मध्ये जन्मलेल्या आणि १५१९ मध्ये वारलेल्या माणसाने हेलिकॉप्टर शोधले असेल तर ते उडाले कोठे, असे तिच्या आजोबांनी विचारले आणि आम्हा दोघींना उत्तर देता आले नाही. शीर्षक चुकीचे असल्यास ते बदलू. परंतु त्याच्या जागी काय लिहिले म्हणजे या माणसावर अन्याय होणार नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

यंत्र अभियंता, ऐरोली

ताई, आजोबांचा प्रश्न रास्त आहे. ज्याला हेलिकॉप्टर म्हटले जाते, ते त्याने १४८०च्या दशकाच्या अखेरीस वहीत रेखाटलेले एक मोठे मळसूत्र आहे. कापडाला खळ लावून त्याची छिद्रे बुजवायची आणि ते वेगाने फिरवायचे, म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसे ते हवेत शिरून वर चढेल, अशी त्याची कल्पना होती. माणसांच्या बळावर एवढे वजन उचलले गेले नसते आणि खालचा मंचही उलट्या दिशेने फिरू लागला असता. म्हणून ‘कल्पना मांडली’ एवढेच लिहावे.

मला स्वतःला त्याची कालव्यांवरची दारे अधिक मोलाची वाटतात. दोन झडपा प्रवाहाच्या उगमाकडे कोन करून मिटतात, त्यामुळे पाणी जितके चढेल तितक्या त्या घट्ट बसतात. मिलानच्या कालव्यांसाठी त्याने त्यांचे रेखाटन केले आणि हीच रचना जहाजे चढवण्या-उतरवण्याच्या कालव्यांवर आजही वापरात आहे.

उड्डाणाविषयी लिहायचेच असेल तर पक्ष्यांविषयी लिहावे. १५०५ च्या सुमारास त्याने पक्ष्यांच्या उड्डाणावर एक छोटी वही लिहिली; ती आता तुरीनमध्ये आहे. वाऱ्यावर तरंगणारा पक्षी तोल कसा सावरतो, हे त्याने तीत पानोपानी पाहिले आहे आणि घारीवर त्याचे विशेष लक्ष होते. मुलीला एखाद्या सकाळी खाडीकाठी न्यावे. घार पंख न हलवता केवळ शेपूट किंचित पिळून वळते, हे अर्ध्या तासात तिच्या ध्यानात येईल आणि त्या वहीत काय आहे हे सांगण्याची गरजच उरणार नाही.

डॉक्टर, कळवा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु माझ्या मते त्याचे सर्वांत खोल काम शरीररचनेचे आहे. फ्लॉरेन्सच्या एका रुग्णालयात शंभरी गाठल्याचे सांगणाऱ्या एका वृद्धाशी तो बोलला. थोड्याच वेळात तो वृद्ध कोणताही त्रास न होता, पलंगावर बसल्या बसल्या गेला. इतक्या शांत मृत्यूचे कारण काय, हे पाहण्यासाठी लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले आणि आक्रसलेल्या, अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांची नोंद केली. आम्ही आज रोज ज्या आजाराशी झुंजतो, त्याचे हे फार जुने आणि डोळ्यांसमोर उभे राहणारे वर्णन आहे.

पुढे बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना महाधमनीच्या मुळाशी रक्ताचे भोवरे तयार होतात आणि ते झडप मिटण्यास मदत करतात, असे त्याने मांडले. ते पडताळण्यासाठी काचेची प्रतिकृती करून तिच्यातील पाण्यात गवताचे बी सोडावे, म्हणजे प्रवाह दिसेल, असेही त्याने लिहून ठेवले. विसाव्या शतकात आधुनिक उपकरणांनी केलेल्या प्रयोगांतून हे भोवरे खरे ठरले.

मात्र येथेही ‘रक्ताभिसरणाचा शोध’ असे लिहू नये. ते श्रेय १६२८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वे यांचे आहे. लिओनार्दोच्या या वह्या त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे वैद्यकाला त्यांचा शतकानुशतके उपयोग झाला नाही. मला याची खरोखर हळहळ वाटते.

चित्रकला शिक्षिका, वाशी

ताई, तक्त्यावर त्याच्या चुकीलाही जागा द्यावी. मिलानमधील ‘शेवटचे भोजन’ हे भित्तिचित्र त्याने १४९५ ते १४९८ च्या सुमारास रंगवले. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवायचे तर गिलावा वाळण्याआधी काम उरकावे लागते. त्याला थांबत, विचार करत, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचे होते, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग लावले. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात, तसे त्या चित्राचे काही वर्षांतच होऊ लागले. अलीकडची मोठी दुरुस्ती १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे चालली. तरीही येशूने ‘तुमच्यापैकी एक जण माझा घात करील’ असे म्हटल्यानंतर त्या मेजावर उठलेली खळबळ प्रत्येक शिष्याच्या हातांतून जशी दिसते, तशी मी अन्य चित्रात क्वचितच पाहिली आहे. मुलीला चेहऱ्यांआधी केवळ हात पाहायला सांगावे.

नौपाड्यातील पालक, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षक आता ‘लिओनार्दोने काय पाहिले?’ असे केले असून घार, झडप आणि भिंत असे तीन भाग ठरले आहेत. एक राहिलेली गोष्ट सांगते. तो डावखुरा होता आणि वह्यांत उजवीकडून डावीकडे, आरशात पाहिल्यावर सरळ दिसेल असे लिहीत असे. माझी मुलगीही डावखुरी आहे. काल तिने शाईच्या पेनाने तसे देवनागरी लिहून पाहिले. शिरोरेषा उलट ओढताना अक्षरे जरा वाकडी झाली, परंतु तिच्या तळहाताच्या कडेला रोज लागणारी शाई काल लागली नाही. तो असे का लिहीत असे, याचा अंदाज तिने स्वतःच बांधला आहे आणि तो कागद ती तक्त्यावर आरशासह लावणार आहे.