मुक्तछंद लिहिणाऱ्यानेही आधी छंद शिकावा
काही जण म्हणतात, मुक्तछंदच (अक्षरसंख्येचं, यमकाचं बंधन नसलेली कविता) लिहायचा तर छंद कशाला शिका, उगाच हात बांधले जातात. मला उलटा अनुभव आला. सुरुवात वृत्तापासून करू नका, तिथे लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा ठरलेला क्रम) सांभाळताना नवखा माणूस दमतो. मोठा अभंग हा छंद घ्या: चार चरणांत (ओळीच्या तुकड्यांत) 6-6-6-4 अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं.

मी महिनाभर ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये रोज एक अभंग रचायचो, बोटांवर अक्षरं मोजत. ठाण्याच्या तलावपाळीवरच्या कवितेत आधी ‘संथ पाण्यात हळूच हलणारे पिवळे दिवे’ अशी ओळ होती. सहा अक्षरांत ती मावेना. शेवटी उरलं ते असं:

तलावाच्या काठी / थांबली पावले / दिवे हेलावले / पाण्यावरी

‘संथ’, ‘हळूच’, ‘पिवळे’ तिन्ही गेले, आणि ‘हेलावले’ या एका क्रियापदाने त्यांचं काम केलं. हे क्रियापद मला यमकाने शोधायला लावलं, एरवी सुचलंच नसतं. आता मुक्तछंद लिहितानाही विशेषणाआधी हात थांबतो. आणि हो, ओळ मोठ्याने म्हणून बघा, अडखळलात की तिथेच काहीतरी जास्तीचं असतं.